सव्वा महिन्याची मजुरी

यवतमाळ जिल्ह्यात कापसाचा पहिला वेचा दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतो आणि पुढचे वेचे जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत चालू राहतात. टोबणी, निंदण, वेचणी ही कामे जवळपास सगळी बायकांची. वेचणीची मजुरी किलोवर ठरते, म्हणजे ज्या दिवशी बाई शेतात गेली नाही त्या दिवसाचे तिचे काहीच नाही. या हिशेबात गरोदरपणाला जागा नाही आणि बाळंतपणाला तर नाहीच. तरीही मातेच्या आरोग्याची सरकारी चर्चा प्रसूतिकक्षाच्या दारात सुरू होते आणि तिथेच संपते. आपण बाळंतपण दवाखान्यात नेले, ते योग्यच केले. पण बाईची तब्येत ठरते ती त्या टेबलावरच्या काही तासांच्या आधी आणि नंतर, शेतात आणि चुलीपाशी. तिथे औषधाइतकीच गरज बुडालेल्या मजुरीच्या भरपाईची आहे, असे या लेखाचे म्हणणे आहे.

पहिला आक्षेप उघड आहे: महाराष्ट्राची कामगिरी चांगली असताना तक्रार कसली? कामगिरी खरोखर चांगली आहे. २०१८-२० या काळात देशात दर लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातांचे मृत्यू होत होते; महाराष्ट्रात ३३. २००५ची जननी सुरक्षा योजना, २०११चा जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम, २०१४ पासून धावणारी १०८ रुग्णवाहिका यांचा त्यात वाटा आहे, आणि झरी-जामणी किंवा मारेगावच्या एखाद्या कोलाम पोडावरून (वस्तीवरून) पावसाळ्यात बाई दवाखान्यापर्यंत पोचणे ही किरकोळ गोष्ट नव्हे. पण मृत्यूचा आकडा काय दाखवतो आणि काय झाकतो, हे पाहायला हवे. २०११च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या पावणेअठ्ठावीस लाख होती. हजारी १५ जन्मदर धरला तर वर्षाला चाळीसेक हजार बाळंतपणे होतात, आणि राज्याच्या सरासरीने त्यांत तेरा-चौदा मृत्यू. हे मृत्यू टाळायलाच हवेत. मात्र उरलेल्या चाळीस हजार बायकांबद्दल हा आकडा अवाक्षर काढत नाही. त्यांच्याबद्दल थोडेफार सांगते ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी. २०१५-१६ आणि २०१९-२१ या दोन पाहण्यांच्या दरम्यान महाराष्ट्रात दवाखान्यातल्या बाळंतपणांचे प्रमाण ९०.३ वरून ९४.७ टक्क्यांवर गेले. त्याच काळात १५ ते ४९ वयाच्या बायकांमधला रक्तक्षय ४८ वरून ५४.२ टक्क्यांवर चढला. गरोदर बायकांमध्ये तो थोडा उतरला, तरी ४५.७ टक्के उरलाच. बोटातून रक्त घेण्याच्या पद्धतीमुळे हे प्रमाण फुगते, असे काही तज्ज्ञ म्हणतात. असेल, पण दोन्ही वेळा पद्धत तीच होती, त्यामुळे दवाखान्याची वाट रुंद होऊनही बाईच्या अंगात रक्त वाढले नाही हे खोटे ठरत नाही.

विदर्भाला या प्रश्नाची माहिती नव्हती असे म्हणायला जागा नाही. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी करून १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले: ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के. त्याहून आपल्या मुद्द्याच्या जवळचा आहे तो त्यांच्या ‘सर्च’ संस्थेचा २००४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास. ३९ गावांतल्या ७७२ बायकांवर बाळंतपणात आणि नंतर घरोघरी जाऊन लक्ष ठेवले गेले. कळा येण्यापासून बाळंत होईपर्यंत काही बिघाड झालेल्या बायका १७.७ टक्के, बाळंतपणानंतरच्या काळात ४२.९ टक्के. स्तनांचे विकार, उशिरा सुरू झालेला रक्तस्राव, जंतुसंसर्ग, झोप न लागणे. म्हणजे आजारपणाचा मोठा भाग बाळ जन्मल्यानंतर येत होता, जेव्हा सगळ्यांचे डोळे बाळाकडे वळलेले असतात. यावर कोणी म्हणेल की ती माहिती १९९५-९६ची, घरच्या बाळंतपणांची. आज चित्र वेगळे आहे. काही अंशी हे मान्य करावे लागेल. स्वच्छ हातांनी झालेल्या बाळंतपणात जंतुसंसर्ग कमी होणारच. पण जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत जेवण मिळते ते साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझेरियनला सात. चौथ्या दिवशी बाई घरी असते. दुखणारे स्तन, उडालेली झोप आणि अशक्तपणा यांची पाळी त्यानंतरची, आणि ते दवाखान्यात जन्म झाला म्हणून टळत नाहीत.

मग घरी कोण येते? आशा सेविका येते. घरी नवजाताची काळजी घेण्याच्या कार्यक्रमात, जो मुळात गडचिरोलीच्याच प्रयोगातून देशभर गेला, तिच्या भेटी ठरलेल्या आहेत: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. आईला ताप आहे का, जेवते किती वेळा, असे प्रश्न तिच्या फॉर्मवर आहेत. पण वजनकाटा बाळासाठी आणि थर्मामीटरही मुख्यतः बाळासाठी. नवजात वाचावे म्हणून आखलेला कार्यक्रम नवजाताकडे पाहणारच, त्याला दोष देता येत नाही. दोष आहे तो त्याच भेटींत आईसाठी पाच मिनिटे जादा आणि त्यांचा वेगळा मोबदला न जोडण्याचा.

कष्टाचा परिणाम गर्भावर होतो का, हा प्रश्न आता अंदाजाचा राहिलेला नाही. १९९०च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांतल्या सुमारे ८०० गरोदर बायकांचा अभ्यास डॉ. चित्तरंजन याज्ञिक, डॉ. शोभा राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. गरोदरपणाआधी या बायकांचे सरासरी वजन ४२ किलोच्याही आत होते. हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध ज्यांच्या ताटात जास्त वेळा आले त्यांची बाळे मोठी निघाली, आणि शेतकाम, पाणी वाहणे अशी अंगमेहनत जास्त असलेल्या बायकांची बाळे लहान. लोहाची गोळी महत्त्वाची असली तरी डोक्यावरची घागर ती उतरवत नाही. शिवाय यवतमाळच्या गोंड, कोलाम, परधान वस्त्यांत सिकलसेलचा प्रश्न आहे, आणि तिथला रक्तक्षय नुसत्या लोहाने भरून येत नाही. ती बाई आधी ओळखावी लागते.

मनाचा भाग तर हिशेबातच नाही. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २७० मातांपैकी २३ टक्के बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी नैराश्यात होत्या, आणि त्यामागे गरिबी, नवऱ्याशी बेबनाव आणि मुलगी झाल्याची निराशा ठळक दिसली. देशभरातल्या ३८ अभ्यासांची बेरीज २०१७ साली झाली, तेव्हाही प्रमाण २२ टक्के निघाले. यवतमाळमध्ये नैराश्य हा शब्द अनोळखी नाही. शेतकरी आत्महत्यांनंतर शासनाने विदर्भ-मराठवाड्यात ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, आशांनी शेतकरी कुटुंबांत जाऊन मानसिक ताणाचे प्रश्न विचारले. म्हणजे प्रश्न विचारणारी बाई आणि तिचे प्रशिक्षण दोन्ही आहेत. फक्त कर्जबाजारी पुरुषापलीकडे, त्याच घरात पाळण्याशी बसलेल्या बाईकडे व्यवस्थेची नजर गेली नाही.

आता पैशाकडे येऊ. नोकरदार बाईला २०१७च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. शेतमजूर बाईला आहे प्रधानमंत्री मातृवंदना योजना: पहिल्या अपत्याला ५,००० रुपये, आणि २०२२ पासून दुसरी मुलगी झाली तर ६,०००. दुसरा मुलगा झाला तर काही नाही. जणू मुलगा जन्मला की आईचे दुखणे कमी होते! २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्याने अपत्यक्रमाची अट न घालता किमान ६,०००चे वचन दिले होते. २०२५-२६ साठी रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या दराने ५,००० म्हणजे सोळा दिवस. बाळंतिणीने सव्वा महिना काम करू नये असे आपल्या घरोघरी सांगितले जाते, आणि शासन त्यातले निम्मे दिवसही विकत घेत नाही. चाळीस दिवसांचे होतात १२,४८०. आधीचा एक महिना धरला तर सुमारे २१,८००. तमिळनाडू आपल्या योजनेत पोषण-पेटीच्या किमतीसह १८,००० देतो, तेव्हा हे आकडे हवेतले नाहीत.

पैसे दिले की मुले वाढतील, ही भीती राज्याचा एकूण प्रजननदर १.७ असताना जुनाट वाटते. पैसा नवऱ्याच्या हाती जाईल, हा आक्षेप जास्त गंभीर आहे. खाते बाईच्या नावे असले तरी व्यवहार तिच्या हाती असतोच असे नाही. म्हणून रोख रकमेसोबत शिजवलेले जेवणही हवे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत आदिवासी क्षेत्रात २०१५ पासून अंगणवाडीत गरोदर आणि स्तनदा मातांना गरम जेवण मिळते, पण तांड्यावरची किंवा क्षेत्राबाहेरच्या गावातली तितकीच गरीब मजूर बाई त्यात बसत नाही. पारंपरिक सव्वा महिन्याचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. कोंदट खोली, पाणी कमी देणे, भाज्या वर्ज्य करणे हेही त्यातच आले, आणि मजूर घरांत तो विसावा पूर्वीही बहुतेकदा सुगी संपेपर्यंत लांबणीवर पडायचा. राखायची ती फक्त कामापासूनची सुटी.

कपाशी उत्पादक आधीच तोट्यात असताना ही सुटी त्याच्याकडून मागणे अन्यायाचे ठरेल, यात शंका नाही. पण ती त्याच्याकडून मागायचीच नाही. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करणाऱ्या राज्याने दुष्काळात हाताला काम नसलेल्या माणसाची जबाबदारी शेतमालकावर टाकली नव्हती, स्वतःच्या तिजोरीवर घेतली होती, आणि त्यासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर लावला होता.