रमाबाईंच्या आठवणींतले न्यायमूर्ती रानडे

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे 16 जानेवारी 1901 रोजी मुंबईत निधन झाले. त्यांचे सार्वजनिक कार्य अनेकांनी नोंदवले. घरातला माणूस मात्र जिवंत राहिला तो पत्नी रमाबाईंमुळे. त्यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक 1910 मध्ये प्रसिद्ध झाले.

1873 मध्ये लग्न झाले तेव्हा रमाबाई अकरा वर्षांच्या होत्या. रानड्यांनी स्वतः त्यांना अक्षरओळख करून दिली, पुढे इंग्रजीही शिकवले. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना हे रुचत नव्हते. त्यांची बोलणी रमाबाईंनी सोसली, आणि लिहिताना ती लपवलीही नाहीत. पुस्तकाचे खरे मोल या प्रामाणिकपणातच आहे.

कलकत्त्याच्या मुक्कामातला प्रसंग विशेष लोभस आहे. रानडे बंगाली शिकू लागले आणि दाढी करणाऱ्या न्हाव्यालाच अडलेले शब्द विचारू लागले. पुढे हायकोर्टाच्या न्यायमूर्तिपदापर्यंत पोहोचलेल्या या विद्वानाला त्यात कमीपणा वाटला नाही. मग तीच भाषा त्यांनी रमाबाईंनाही शिकवली.

रमाबाई पुढे पुण्याच्या सेवासदन या संस्थेच्या आधारस्तंभ झाल्या. त्यांच्या जीवनावरची ‘उंच माझा झोका’ ही मालिका 2012 मध्ये घरोघरी पाहिली गेली.