उभे यंत्र की आडवे?



आमचे खाते उसाचे. तरी हल्ली गटात फिरताना लागणीच्या तारखेबरोबर आणखी एक विचारणा होते. आपली मुले आयटीआय, डिप्लोमा करून शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल येथील वसाहतींत नोकरीस लागतात आणि चार वर्षांनी स्वतःचे मशीन शॉप टाकू म्हणतात. मग प्रश्न येतो, व्हीएमसी घ्यावे की एचएमसी? एक सभासद तर अडीच एकर बागायत तारण ठेवून एचएमसी घ्यायला निघाले आहेत. म्हणून वर्कशॉपच्या जाणत्या मंडळींकडून समजून घेऊन हे लिहीत आहोत.

दोन्ही मशीनिंग सेंटरच. प्रोग्रॅमवर चालणारी, हत्यार आपले आपण बदलणारी. अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या अखेरीस अशी यंत्रे आली. फरक स्पिंडलचा. व्हीएमसीत तो उभा, वरून जॉबवर उतरतो. एचएमसीत आडवा, बाजूने जॉबला भिडतो, आणि जॉबचे टेबल फिरते. एकदा बांधलेल्या जॉबच्या चारही बाजू त्यामुळे पुढे येतात. उभ्यात बाजू बदलायची तर जॉब सोडा, पुसा, परत बांधा.

आडव्यात कीस आपोआप खाली पडतो. उभ्यात तो खोल खाचेत साचतो, हत्यार तोच पुन्हा कापते आणि धार लवकर जाते. कुलंटचा मारा नीट ठेवला तर बराच निभाव लागतो.

आता हिशेब. आकडे केवळ समजुतीसाठी धरले आहेत. गिअरबॉक्सचे कास्टिंग आहे, चार बाजूंचे काम, दर बाजूस ६ मिनिटे कापणी, म्हणजे २४ मिनिटे. उभ्यावर दर बाजूस ५ मिनिटे सोडण्या-बांधण्याची, म्हणजे आणखी २०. एकूण ४४. आडव्याला दोन पॅलेट असतात. एकावर कापणी चालू असताना माणूस दुसऱ्यावर जॉब बांधतो. तेथे २५ मिनिटांत नग सुटतो. हे ऐकून मुले हरखतात, आणि इथेच फसतात! महिन्याला १०० नगांची ऑर्डर असेल तर उभे मशीन ते काम ७४ तासांत उरकते. २६ दिवस दोन पाळ्या चालवल्या तर साडेपाचशे नगांपर्यंत तेच पुरते. त्याच मापाच्या आडव्याची किंमत साधारण दुप्पट-तिप्पट, शिवाय फिक्स्चरचा खर्च वेगळा. काम नसले तरी बँकेचे व्याज थांबत नाही.

त्या पैशात दोन उभी मशीने येतात. एक बंद पडले तर दुसरे चालते, हीही गोष्ट लहान नव्हे.

मात्र समोरासमोरच्या दोन बाजूंची भोके एका रेषेत हवी असतील, तर दर वेळी सोडून बांधण्यात थोडी थोडी चूक चढत जाते. असे घट्ट मापाचे हाऊसिंग, तेही शेकड्यांनी आणि वर्षानुवर्षांच्या ऑर्डरीचे, हाती असेल तर आडवेच घ्यावे. तेथे कंजूषी नको. फ्लँज, प्लेट, डाय, मोल्ड अशी एकाच बाजूची कामे किंवा दर आठवड्याला बदलणारे जॉबवर्क असेल तर उभे. सरी वावराचा उतार बघून पाडतात, शेजाऱ्याची बघून नव्हे.

मधली वाटही आहे. उभ्या मशीनच्या टेबलावर फिरते रोटरी टेबल, ज्याला मुले चौथा अक्ष म्हणतात, बसवता येते. पॅलेटची सोय त्यात येत नाही, पण बाजू बदलण्याचे बरेचसे सोडणे-बांधणे वाचते. आमच्या मते पहिल्या मशीनला हेच बरे. आज रोटरी टेबल घेतले नाही तरी त्याची वायरिंगची तयारी खरेदीतच मागून घ्यावी, मागाहून बसवणे महाग पडते.

कोटेशनवर सही करण्यापूर्वी आपलेच कास्टिंग विक्रेत्याकडे न्यावे, त्याच्या मशीनवर चालवून दाखवायला सांगावे आणि बांधण्या-सोडण्यासकट वेळ स्वतः घड्याळ लावून मोजावा. वीजभार, फाउंडेशन, कॉम्प्रेसर यांचा खर्च कोटेशनमध्ये नसतो, तो विचारावा. आणि ऑर्डर तोंडी असेल तर ती लेखी घेईपर्यंत सात-बारा बँकेत नेऊ नये.