घरातील यंत्रमानवपट आणि उच्च सुस्पष्टता : रत्नागिरीच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

‘रोबोट’ हा शब्द चेक नाटककार कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकातून जगभर पसरला. वेठबिगार या अर्थाच्या चेक शब्दापासून तो घडविण्यात आला होता. मराठीने त्यास ‘यंत्रमानव’ असे सुटसुटीत नाव दिले. रंगभूमीवर जन्मलेला हा यंत्रमानव पुढे चित्रपटात गेला आणि संगणकीय चित्रनिर्मितीच्या साहाय्याने एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याने पडदा अक्षरशः व्यापून टाकला. मायकेल बे दिग्दर्शित ‘ट्रान्सफॉर्मर्स’ (२००७) आणि शंकर दिग्दर्शित ‘एन्धिरन’ (२०१०), ज्याची हिंदी आवृत्ती ‘रोबोट’ या नावाने आली, ही त्याची दोन ठळक उदाहरणे होत. दुसऱ्या चित्रपटाशी मराठी वाचकाचे आणखी एक नाते आहे. वैज्ञानिक वसीगरन आणि त्याने घडविलेला यंत्रमानव चिट्टी अशा दोन्ही भूमिका करणारे रजनीकांत म्हणजे बंगळुरूतील मराठी कुटुंबात १९५० साली जन्मलेले शिवाजीराव गायकवाड. या चित्रपटाच्या विशेष दृश्य परिणामांसाठी व्ही. श्रीनिवास मोहन यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

असे चित्रपट चित्रपटगृहापेक्षा घरातच अधिक वेळा पाहिले जातात. त्यासाठी कुटुंबे मोठा दूरचित्रवाणी संच घेतात, ‘एच.डी.’ वाहिन्यांचे वाढीव शुल्क भरतात किंवा वेगवान इंटरनेट जोडणी घेतात. या खर्चातून प्रत्यक्ष डोळ्यांपर्यंत किती चित्र पोहोचते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. रत्नागिरीसारख्या अतिपावसाच्या किनारी जिल्ह्यात त्याचे उत्तर मुंबई-पुण्यापेक्षा काहीसे वेगळे येते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची तांत्रिक बाजू सुलभपणे मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

चित्रबिंदूंचा हिशेब

व्हिडिओ सी.डी.च्या काळात घरातील चित्र ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे, म्हणजे सुमारे एक लाख बिंदूंचे असे. डी.व्ही.डी.ने ते ७२० गुणिले ५७६ वर, म्हणजे ४,१४,७२० बिंदूंवर नेले. पूर्ण उच्च सुस्पष्टतेचे चित्र १९२० गुणिले १०८० बिंदूंचे असते. हा गुणाकार २०,७३,६०० येतो. डी.व्ही.डी.च्या तो बरोबर पाचपट आहे. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘एच.डी. रेडी’ म्हणून विकल्या गेलेल्या असंख्य ३२ इंची संचांचा पडदा १३६६ गुणिले ७६८ बिंदूंचाच असतो. म्हणजे पूर्ण चित्राच्या जेमतेम निम्मे बिंदू. ‘रेडी’ या शब्दाचा अर्थ एवढाच की संच असा संकेत स्वीकारू शकतो. तो जसाच्या तसा दाखवू शकतो असा नव्हे. हा भेद दुकानात सहसा कोणी समजावून सांगत नाही.

वीस लाख बिंदू, प्रत्येकास रंगाचे २४ बिट आणि सेकंदाला २४ चौकटी असा हिशेब केला तर सेकंदाला सुमारे ११९ कोटी बिट होतात. एवढी माहिती कोणतीही तबकडी वा वाहिनी घरापर्यंत आणत नाही. ब्ल्यू-रे तबकडीवर चित्रासाठी सेकंदाला कमाल ४ कोटी बिटची मुभा आहे, म्हणजे मूळ माहितीचा सुमारे तिसावा भाग. इंटरनेटवरून येणारा पूर्ण उच्च सुस्पष्टतेचा चित्रपट सुमारे ५० लाख बिटमध्ये भागवतो. याचाच अर्थ मूळ माहितीच्या दोनशेहून अधिक भागांपैकी एकच भाग घरी येतो आणि उरलेले चित्र संचातील यंत्रणा अनुमानाने उभे करते.

यंत्रमानव पडद्यावर का फुटतो

हे अनुमान कसे चालते ते पाहिल्यास यंत्रमानवपटाची खरी अडचण उलगडते. संकोचनाच्या पद्धतीत प्रत्येक चौकट नव्याने साठविली जात नाही. चित्राचे लहान चौकोनी तुकडे पाडले जातात आणि मागील चौकटीतील कोणता तुकडा कोठे सरकला एवढीच नोंद केली जाते. जे जुळत नाही तेवढाच फरक वेगळा लिहिला जातो. ओटीवर बसून दोन पात्रे बोलत आहेत, मागे भिंत आहे, अशा प्रसंगात ही युक्ती उत्तम साधते. भिंत हलत नाही. हलतात ते ओठ आणि हात. म्हणूनच कौटुंबिक मालिका अल्प माहितीतही स्वच्छ दिसते.

‘ट्रान्सफॉर्मर्स’मधील ऑप्टिमस प्राइम या यंत्रमानवाची संगणकीय प्रतिकृती इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या संस्थेने दहा हजारांहून अधिक सुट्या भागांतून उभारली होती. ट्रकचा माणूस होताना हे भाग एकाच वेळी निरनिराळ्या दिशांना फिरतात, दुमडतात, एकमेकांआड जातात. त्यात धातूवरील चकाकी प्रत्येक चौकटीत जागा बदलते. धूळ आणि ठिणग्या उडतात. कॅमेराही स्थिर नसतो. मागील चौकटीशी जुळणारे फारच थोडे उरते, आणि फरक लिहायला जागा मात्र तेवढीच असते. अशा वेळी संकोचन यंत्रणा बारीक तपशील प्रथम टाकून देते. चेहऱ्यावरील ओरखडे, दातेरी चाके, तारा यांच्या जागी राखाडी चौकोन दिसू लागतात. ज्या दोन मिनिटांसाठी प्रेक्षकाने पैसे मोजलेले असतात, नेमके त्याच दोन मिनिटांत चित्र सर्वाधिक खालावते. ‘एन्धिरन’च्या अखेरच्या भागात शेकडो चिट्टी एकत्र येऊन गोल, सर्प, महाकाय मानव असे आकार धारण करतात, तेथेही हेच घडते. सारे चिट्टी दिसायला एकसारखे असले तरी प्रत्येकाची गती वेगळी असल्याने यंत्रणेस त्या साम्याचा फारसा लाभ होत नाही.

तबकडीचा वरचष्मा येथेच आहे. डी.व्ही.डी. ६५० नॅनोमीटरच्या तांबड्या लेझरने वाचली जाते, तर ब्ल्यू-रे ४०५ नॅनोमीटरच्या निळसर जांभळ्या लेझरने. किरण अधिक बारीक असल्याने खुणाही बारीक कोरता येतात आणि एका थरात २५ गिगाबाइट मावतात. ब्ल्यू-रेचा प्रतिस्पर्धी एच.डी. डी.व्ही.डी. हा प्रकार तोशिबा कंपनीने फेब्रुवारी २००८ मध्ये मागे घेतला. ‘ट्रान्सफॉर्मर्स’ ऑक्टोबर २००७ मध्ये प्रथम त्याच प्रकारात आला होता. ती तबकडी घेणाऱ्यांच्या हाती चार महिन्यांत निरुपयोगी ठरू लागलेले यंत्र उरले. भारतात मात्र या लढाईचा आवाज फारसा आलाच नाही. त्याच वर्षी येथे मोझर बेअर कंपनी २८ रुपयांत व्हिडिओ सी.डी. आणि ३४ रुपयांत डी.व्ही.डी. विकू लागली होती. भारतीय घर तबकडीच्या उच्च सुस्पष्टतेचा टप्पा बहुतांशी ओलांडून थेट उपग्रहाकडे आणि पुढे इंटरनेटकडे गेले.

छतावरील थाळी आणि कोकणचा पाऊस

घरगुती थाळीवर येणाऱ्या उपग्रह वाहिन्या केयू पट्ट्यात, सुमारे ११ ते १२ गिगाहर्ट्‌झ कंपनसंख्येवर येतात. या लहरींची लांबी सुमारे अडीच सेंटिमीटर असते. पावसाचे मोठे थेंब काही मिलिमीटरचे असल्याने ते या लहरी शोषतात व विखुरतात. मोठ्या थाळीच्या जुन्या सी पट्ट्यातील लहरी याच्या सुमारे तिप्पट लांब असल्याने त्यांना पाऊस फारसा बाधत नसे. थाळी लहान झाली ती या मोबदल्यात.

रत्नागिरी सुमारे १७ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७३.३ अंश पूर्व रेखांशावर आहे. डिसेंबर २००५ मध्ये प्रक्षेपित झालेला आणि थेट घरपोच प्रसारणासाठी वापरला गेलेला इन्सॅट-४ए हा उपग्रह ८३ अंश पूर्वेला होता. या आकड्यांवरून गणित केल्यास त्या स्थानाकडे रोखलेली थाळी दक्षिण-आग्नेयेस वळलेली आणि क्षितिजापासून सुमारे ६७ अंश उंच असावी लागते. एवढी उभी दिशा हे आपले भाग्यच म्हणावे. युरोपात थाळी बरीच कलती असते आणि लहरीस पावसातून तिरका, लांब प्रवास करावा लागतो. पण रत्नागिरीत पाऊसच वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक, आणि तो जवळजवळ सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तासाला ५० मिलिमीटर या वेगाने कोसळणारी सर १२ गिगाहर्ट्‌झच्या संकेताचा दर किलोमीटरला सुमारे २ ते २.५ डेसिबल ऱ्हास करते. अशी सर चार-पाच किलोमीटर उंचीपर्यंत सलग पसरली असेल तर संकेत एक दशांशावर येऊ शकतो. प्रत्यक्षात सर सर्वत्र सारखी नसते, त्यामुळे ऱ्हास बहुधा याहून कमी होतो. परंतु राखून ठेवलेली क्षमता ओलांडण्यास तो पुष्कळदा पुरेसा ठरतो.

जुन्या प्रसारणात संकेत क्षीण झाला की पडद्यावर ठिपके येत आणि कथा पुढे चालू राही. अंकीय प्रसारणात तशी पायरी नाही. ठराविक मर्यादेपर्यंत चित्र निर्दोष राहते, मग चौकोन फुटतात आणि लगेच पडदा गोठतो. शिवाय त्याच पट्ट्यात अधिक माहिती बसवायची तर संकेताची रचना अधिक गुंतागुंतीची करावी लागते, आणि पावसासाठी राखीव उरणारी क्षमता घटते. उच्च सुस्पष्टता आणि पावसातील टिकाव यांचे नाते असे व्यस्त आहे. त्यात खाऱ्या हवेने थाळीचे सांधे गंजतात, पाणी शिरलेल्या केबलमुळे ऱ्हास वाढतो. मे अखेरीस सांधे तपासून घेणे व केबलच्या टोकास पाणीरोधक पट्टी गुंडाळणे एवढ्याने पावसाळ्यातील निम्मी तक्रार टळू शकते. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगड भागात दिवसेंदिवस वीज नव्हती, तेव्हा अर्थातच कोणत्याच सुस्पष्टतेचा प्रश्न उरला नव्हता.

किती अंतरावरून

सामान्य निकोप डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा, म्हणजे एका कलेचा, तपशील ओळखतो. ३२ इंची संचाच्या पडद्याची उंची सुमारे ४० सेंटिमीटर असते. तीत १०८० ओळी असल्यास त्या सुट्या ओळखण्यासाठी प्रेक्षकाने सव्वा मीटरच्या आत बसले पाहिजे. अंतर २.४ मीटरच्या पलीकडे गेले की ५७६ ओळींचे चित्र आणि हे चित्र यांतील ओळींचा भेद डोळ्यास कळेनासा होतो. माजघराच्या एका भिंतीवर संच आणि समोरच्या भिंतीलगत बैठक, ही नेहमीची मांडणी तीन मीटरच्या घरात जाते. ५५ इंची संचास हेच अंतर सुमारे २.२ मीटर येते. त्याहून चौपट बिंदूंचा ‘फोर-के’ संच त्याच आकारात घेतल्यास त्याचा पूर्ण लाभ १.१ मीटरवरच मिळेल. त्यातही त्या काळातील बहुतेक परिणामप्रधान चित्रपटांचे अंतिम काम सुमारे २००० बिंदू रुंदीवर झालेले असे. जो तपशील चित्रितच झाला नाही, तो नवा संच कोठून आणणार? रंगछटा आणि उजळपणा यांतील सुधारणा खरी असू शकते; बिंदूंची वाढ मात्र बरीचशी कागदावरची राहते.

संचातील काही सोयी उलट अपायच करतात. सेकंदाला २४ चौकटींच्या मधे कल्पित चौकटी घालून हालचाल गुळगुळीत करण्याची योजना यंत्रमानवाचे वजनच हिरावून घेते. टनावारी पोलाद खेळण्यासारखे हलू लागते. दुकानातील प्रखर प्रकाशासाठी योजलेली भडक मांडणी घरात तशीच ठेवली तर धातूवरील बारीक छटा पांढऱ्या डागात विरून जातात. २०१९ मध्ये संच-उत्पादक व चित्रपटकर्ते यांनी मिळून ‘फिल्ममेकर मोड’ ही मांडणी पुढे आणली ती याच कारणाने. ज्या संचात ती नाही, तेथे या दोन्ही योजना हाताने बंद करता येतात आणि त्यास काहीही खर्च येत नाही.

ध्वनीविषयी

यंत्रमानवपटाचा ध्वनी कुजबुजीपासून स्फोटापर्यंत पसरलेला असतो. संचाच्या पाठीमागील इवल्या ध्वनिवर्धकातून खालचे सूर येतच नाहीत, आणि कौलांवर वा पत्र्यावर पाऊस वाजत असताना संवादही बुडतात. आवाज वाढवावा तर पुढच्याच स्फोटाला घरातील वडीलधारी मंडळी दचकतात. बहुतेक संचांत रात्रीसाठी दिलेली ध्वनिमांडणी मोठे आवाज दाबून लहान आवाज वर आणते. ती दिलेली आहे शेजाऱ्यांच्या झोपेसाठी, पण कोकणात आषाढातील दुपारीही तीच लावावी लागते.