जुनी मोटार सुरू होत नाही? सुटे भाग बदलण्यापूर्वी दोष शोधण्याचा क्रम समजून घ्या

नवी दिल्ली : किल्ली फिरवूनही जुनी मोटार सुरू झाली नाही, की पहिला संशय बॅटरीवर घेतला जातो. नवी बॅटरी बसवली जाते, गाडी सुरू होते आणि आठवड्याभराने तीच तक्रार पुन्हा उद्भवते. कारण मूळ दोष गंजलेल्या टर्मिनलमध्ये किंवा चार्जिंग न करणाऱ्या अल्टरनेटरमध्ये असतो आणि तो तसाच राहिलेला असतो. सुटे भाग अंदाजाने बदलत जाण्याऐवजी ठरावीक क्रमाने तपासणी केली, तर असा अनावश्यक खर्च टाळता येतो.

डिसेंबर 1983 मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती 800 चे उत्पादन 2014 मध्ये थांबले. त्याच वर्षी ॲम्बेसेडरचेही उत्पादन बंद झाले. खासगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांसाठी असते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करता येते. त्यामुळे कार्ब्युरेटरच्या काळातील काही गाड्या आजही वापरात आहेत. अलीकडच्या गाड्यांप्रमाणे त्यांच्यात दोषाचा संकेत देणारी संगणकीय यंत्रणा नाही. तेथे आवाज, वास आणि साधा मल्टिमीटर हीच निदानाची साधने ठरतात.

इंजिन फिरते की नाही?

या एका प्रश्नाच्या उत्तराने दोषाचे क्षेत्र निम्म्यावर येते. किल्ली फिरवल्यावर इंजिन फिरतच नसेल, तर दोष बॅटरी, तारा किंवा सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, यांपैकी एकात असतो. इंजिन नेहमीच्या वेगाने फिरत असूनही पेट घेत नसेल, तर बॅटरी आणि सेल्फ बहुधा ठीक असतात. अशा वेळी ठिणगी किंवा इंधन यांचा शोध घ्यावा लागतो.

आवाजाचा प्रकारही महत्त्वाचा असतो. सलग ‘टक-टक-टक’ असा आवाज आल्यास बॅटरी उतरलेली किंवा जोडणी सैल असण्याची शक्यता अधिक असते. एकच ठळक ‘खट्’ आवाज येऊन पुढे काही घडत नसेल, तर सेल्फचे सोलेनॉइड, ब्रश किंवा अडकलेली मोटर यांच्याकडे लक्ष जाते. इंजिन एकाएकी नेहमीपेक्षा हलके आणि वेगाने फिरू लागले, तर टायमिंग बेल्ट तुटलेला असू शकतो. अशा वेळी पुन्हा सेल्फ मारू नये, कारण काही इंजिनांत त्यामुळे व्हॉल्व्ह वाकण्याचा धोका असतो.

दिवे लागतात म्हणून बॅटरी चांगली, असे नाही

हेडलाइटच्या एका बल्बला सुमारे 5 अँपिअर वीज लागते, तर सेल्फला शंभर अँपिअरहून अधिक. म्हणूनच दिवे लख्ख लागूनही अशक्त बॅटरी इंजिन फिरवू शकत नाही. हेडलाइट लावून सेल्फ मारल्यावर प्रकाश एकदम मंदावला, तर बॅटरी किंवा तिची जोडणी सदोष असते. प्रकाश जराही कमी झाला नाही, तर वीज सेल्फपर्यंत पोहोचतच नाही, असा त्याचा अर्थ होतो.

काही तास उभ्या असलेल्या गाडीत पूर्ण भारित बॅटरीवर सुमारे 12.6 व्होल्ट दाब आढळतो. 12.2 व्होल्ट म्हणजे बॅटरी निम्मी उतरलेली आणि 12 व्होल्टच्या खाली ती जवळपास रिकामी समजावी. गाडी सुरू असताना हाच आकडा साधारण 13.8 ते 14.5 दरम्यान असायला हवा. तो वाढत नसेल, तर नवी बॅटरीही काही दिवसांत उतरेल. दुरुस्ती अल्टरनेटरची किंवा त्याच्या पट्ट्याची हवी.

टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवट भुकटी कोमट पाणी आणि खाण्याचा सोडा यांनी निघते. स्वच्छ करताना ऋण टोक आधी काढावे आणि शेवटी जोडावे. जुन्या गाड्यांत इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजणे हाही नेहमीचा दोष असतो. सेल्फ मारताना बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिनचा धातू यांच्यात अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक फरक दिसल्यास ही पट्टी तपासावी.

ओला प्लग, कोरडा प्लग

इंजिन फिरते, पण पेट घेत नाही, अशा वेळी काही वेळ सेल्फ मारून एक स्पार्क प्लग काढून पाहणे उपयुक्त ठरते. प्लग पेट्रोलने ओला असेल, तर इंधन पोहोचत आहे. कमतरता ठिणगीची आहे किंवा इंधनाचा अतिरेक झाला आहे. प्लग कोरडा असेल, तर इंधनच येत नाही.

पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत शिरलेला ओलावा आणि तडकलेल्या प्लगच्या तारा ही ठिणगी न पडण्याची प्रमुख कारणे असतात. टोपी आतून कोरड्या कापडाने पुसल्यावर बऱ्याचदा गाडी सुरू होते. जुन्या पद्धतीच्या गाड्यांत पॉइंट जळणे किंवा त्यांतील फट बदलणे हेही कारण असते. बराच काळ उभ्या असलेल्या गाडीत उंदरांनी तारा कुरतडल्या आहेत का, हेही पाहावे. पेट्रोलचा अतिरेक झाला असल्यास चोक बंद ठेवून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारल्याने इंजिन मोकळे होऊ शकते.

इंधन कोठे अडते?

विजेवर चालणारा पंप असलेल्या बहुतेक गाड्यांत किल्ली ‘ऑन’ करताच मागील बाजूने दोन-तीन सेकंद हलकी घरघर ऐकू येते. ती येत नसेल, तर आधी फ्यूज आणि रिले पाहावेत. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत यांत्रिक पंपाचा फाटलेला पडदा, तुंबलेला फिल्टर किंवा जेटमध्ये अडकलेला कचरा हे दोष आढळतात. कडक उन्हाळ्यात तापलेल्या इंजिनाजवळच्या नळीत पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह खुंटतो. अशा वेळी बॉनेट उघडून गाडी थंड होऊ देणे हाच सुरक्षित उपाय असतो.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांकडेही लक्ष द्यावे लागते. 20 टक्के इथेनॉल गृहीत धरून त्या बनवलेल्या नाहीत. इथेनॉल ओलावा शोषते. टाकीत पाणी वाढल्यास ते पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत हा धोका अधिक असतो.

डिझेल गाडीत ठिणगीचा प्रश्नच नसतो. थंडीत ग्लो प्लग आणि एरवी इंधनाच्या नळीत शिरलेली हवा ही प्रमुख कारणे असतात.

या चुका टाळा

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा अधिक मारू नये आणि दोन प्रयत्नांत किमान अर्धा मिनिट थांबावे. जम्पर केबल लावताना धन टोके परस्परांना जोडून शेवटची ऋण जोडणी बॅटरीपासून दूर, इंजिनच्या धातूवर करावी. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेटू शकतो. ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीलाही वारंवार धक्का मारल्यास न जळलेले पेट्रोल त्यात जाऊन नुकसान होऊ शकते.

पेट्रोलचा तीव्र वास येत असेल किंवा नळी पाझरताना दिसली, तर पुढील प्रत्येक प्रयत्न थांबवावा. किल्ली बंद करून गाडीपासून दूर व्हावे आणि मेकॅनिकला तेथेच बोलावावे. गाडी सुरू करण्यासाठी सेल्फ मारताना पडणारी एक ठिणगीही अशा वेळी आग लावण्यास पुरेशी असते.