ऑथेल्लोचा रुमाल: डोळ्यांनी पाहिलेलंही खोटं कसं ठरतं?

खरं आणि खोटं यांत चार बोटांचं अंतर असतं, असं आपल्याकडे म्हणतात. डोळ्यांनी पाहिलेलं खरं, कानांनी ऐकलेलं खोटं. पण डोळ्यांना जे दिसतंय, तेच कोणी मुद्दाम आपल्यापुढे मांडून ठेवलं असेल तर? शेक्सपिअरची 'ऑथेल्लो' ही शोकांतिका याच प्रश्नावर उभी आहे.

पुण्यातला ऑथेल्लो

हे नाटक मराठीत यायला फार वेळ लागला नाही. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ मध्ये त्याचं भाषांतर केलं. पुढे १८७९ मध्ये पुण्यात आर्योद्धारक नाटक मंडळी स्थापन झाली आणि तिने 'ऑथेल्लो' रंगभूमीवर आणलं. त्या काळी पुण्याच्या शिकलेल्या मंडळींना शेक्सपिअरची मोठी ओढ होती. आगरकरांनी १८८३ मध्ये 'हॅम्लेट'वरून 'विकारविलसित' लिहिलं ते याच वातावरणात.

'संगीत शारदा'मुळे आज ओळखले जाणारे गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९० मध्ये 'ऑथेल्लो'ला पूर्ण मराठी रूप दिलं. नाटकाचं नाव 'झुंझारराव'. ऑथेल्लोचा झाला झुंझारराव आणि डेस्डिमोनाची कमळजा. गणपतराव जोशी यांचा झुंझारराव पुढे खूप गाजला. नावं बदलली, पण संशयाने पेटलेला नवरा समजायला मराठी प्रेक्षकाला कुठलीच अडचण आली नाही.

नेमकं घडतं काय?

ऑथेल्लो हा व्हेनिसचा शूर सेनापती. त्याने डेस्डिमोनाशी प्रेमविवाह केलाय. आपल्याला डावलून कॅसिओला बढती दिली, याचा राग त्याच्या हाताखालच्या इयागोच्या मनात आहे. गंमत अशी, की नाटकातले जवळजवळ सगळे लोक इयागोला प्रामाणिक समजतात. 'प्रामाणिक' आणि 'प्रामाणिकपणा' या अर्थाचे शब्द मूळ नाटकात पन्नासहून अधिक वेळा येतात आणि त्यांतले कितीतरी याच माणसाच्या वाट्याला जातात.

इयागो सुरुवातीला थेट आरोप करत नाही. तो बोलता बोलता थांबतो. 'जाऊ द्या' म्हणतो. 'तुमच्या काळजीपोटी सांगतोय' असा आव आणतो. ऑथेल्लोच मग खोदून खोदून विचारतो आणि संशय आपल्याच मनात उगवला असं त्याला वाटायला लागतं.

तरीही तो पुरावा मागतो. इथे येतो रुमाल. ऑथेल्लोने डेस्डिमोनाला दिलेली ही पहिली भेट. त्याचं डोकं दुखतंय म्हणून ती तो रुमाल त्याच्या कपाळाला बांधायला जाते, तो तिचा हात झिडकारतो आणि रुमाल खाली पडतो. म्हणजे तो हरवतो ऑथेल्लोच्याच डोळ्यांदेखत. इयागोची बायको एमिलिया तो उचलते आणि नवऱ्याला देते. इयागो तो कॅसिओच्या खोलीत टाकतो. पुढे ऑथेल्लोला तो कॅसिओजवळ दिसतो आणि त्याच्या दृष्टीने निकाल लागतो.

रुमाल खरा, गोष्ट खोटी

या नाटकातला सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. रुमाल बनावट नव्हता. तो डेस्डिमोनाचाच होता आणि कॅसिओकडेच सापडला. खोटी होती ती त्याला चिकटवलेली गोष्ट.

समाजमाध्यमांवरच्या अनेक अफवा अशाच चालतात. २०१८ मध्ये भारतभर एक व्हिडिओ फिरत होता. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, असं त्यात दिसायचं. व्हिडिओ खोटा नव्हता, पण तो होता कराचीतला, मुलांच्या सुरक्षेबद्दल जागृती करण्यासाठी बनवलेला. शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि संदेश दाखवतात. तेवढा भाग कापला आणि जागृतीच्या व्हिडिओची अफवा झाली.

त्या वर्षी मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा महाराष्ट्रातही पसरल्या होत्या. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा गावात, जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते मुख्यतः सोलापूर जिल्ह्यातून आलेले, भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. अनोळखी चेहरे आणि वेगळी बोली, एवढाच काय तो 'पुरावा'. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली.

न विचारलेला प्रश्न

ऑथेल्लो मूर्ख नाही. युद्धात तो थंड डोक्याने निर्णय घेतो. घरात मात्र एकाच माणसाकडून आलेल्या माहितीवर तो विसंबून राहतो. बायकोवर तो ओरडतो, तिला धमकावतो, पण तिचं म्हणणं ऐकून घेत नाही. कॅसिओला तर तो काहीच विचारत नाही. एमिलियाला रुमालाचं खरं माहीत असतं. डेस्डिमोना तो शोधत असते तेव्हाही ती गप्प राहते. ती बोलते तेव्हा डेस्डिमोनाचा जीव गेलेला असतो.

अगदी शेवटी ऑथेल्लो कॅसिओला विचारतो, रुमाल तुझ्याकडे कसा आला? उत्तर साधं असतं: माझ्या खोलीत सापडला. एक प्रश्न आणि एक उत्तर. हे आधी घडलं असतं, तर नाटक तिथेच संपलं असतं.

म्हणून एखाद्याच्या बदनामीचा स्क्रीनशॉट किंवा अर्धवट व्हिडिओ हातात आला, की 'हे खरं आहे का?' एवढंच विचारून भागत नाही. हे माझ्यापर्यंत कोणी आणलं, त्याच्या आधी आणि नंतर काय होतं, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याला कोणी विचारलंय का, हेही बघावं लागतं. खरं माहीत असेल तर ते वेळेत बोलावंही लागतं. एमिलिया बोलली, पण उशिरा.