लष्कराची जुनी रायफल स्वस्तात मिळते का?



गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील उदगीरकडून नांदेडला आले होते. हरभऱ्यात रानडुकरं शिरतात आणि ज्वारीत रोही. रात्र रात्र आखाड्यावर जागून माणूस थकून गेलेला. चहा झाला आणि त्यांनी हळूच विषय काढला, "सर, लष्कराची जुनी रायफल स्वस्तात मिळायली म्हणे. थ्री नॉट थ्री. एक जण आणून देतो म्हणतो. घ्यावी का?"

मी एकदम "नको" म्हटलं. पण नुसतं "नको" म्हणून माणसाचं समाधान होत नाही; "का नको" हे सांगावं लागतं. त्यांना त्या दिवशी जे सांगितलं तेच आज आपणांपुढे थोडं नीटपणे मांडतो.

प्रथम ही रायफल म्हणजे काय ते पाहू. बंदुकीच्या नळीचा आतला व्यास इंचात मोजतात. ज्या रायफलीचा तो .३०३ इंच, म्हणजे सुमारे पावणेआठ मिलिमीटर, ती थ्री नॉट थ्री. तिचं खरं नाव ली-एनफिल्ड. ली हे तिची रचना करणाऱ्या जेम्स पॅरिस ली यांचं नाव आणि एनफिल्ड हे इंग्लंडातल्या सरकारी कारखान्याचं गाव. १८९५ मध्ये ती ब्रिटिश फौजेत आली. पुढे तिची आखूड आवृत्ती निघाली आणि ती बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यातही तयार होऊ लागली. दोन्ही महायुद्धांत हिंदी शिपायांच्या खांद्यावर हीच रायफल होती.

हिला 'बोल्ट'ची रायफल म्हणतात. दाराला आडवी सरकणारी कडी असते ना, तसाच हा बोल्ट. मूठ वर उचलून मागे ओढली की उडालेल्या काडतुसाची रिकामी टोपी बाहेर पडते. पुढे ढकलली की खालच्या पेटीतलं नवं काडतूस नळीत जातं. मूठ खाली दाबली की कडी बसली, रायफल तयार. पेटीत दहा काडतुसं मावतात. वजन चार किलोच्या आसपास. चिखल, धूळ, पाऊस सगळं सोसणारी आणि साधी, म्हणूनच ती इतकी वर्षं टिकली.

आपल्या मराठवाड्याचा आणि हिचा संबंध जुना आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरच्या बाजूनं नळदुर्गमार्गे भारतीय फौज निजामाच्या राज्यात शिरली, तेव्हा पायदळाच्या हातात हीच रायफल होती. १७ सप्टेंबरला निजामानं शरणागती दिली. त्याआधीच्या महिन्यांत सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीच्या विमानांनी निजामासाठी शस्त्रं आणत होता. अशा धामधुमीत कुणाच्या हातातलं हत्यार कुठे गेलं याचा हिशेब पुरता लागत नाही. म्हणून आजही एखादा जुना वाडा पाडताना किंवा माळवदाची माती उपसताना गंजलेलं हत्यार निघालं, तर नवल वाटू नये. त्याकडे शेवटी येतो.

आता मुख्य प्रश्न. लष्करानं किंवा पोलिसांनी वापरातून काढलेली रायफल सामान्य माणसाला विकत मिळते का? अमेरिकेत मिळत असे. महायुद्धानंतर निरनिराळ्या देशांच्या फौजांनी लाखो जुन्या रायफली मोडीच्या भावात विकल्या आणि अमेरिकेत त्या टपालानंसुद्धा घरपोच येत. १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडी यांचा खून झाला तो अशाच टपालानं मागवलेल्या जुन्या इटालियन लष्करी रायफलीनं. त्यानंतर १९६८ मध्ये तिथे टपालाच्या विक्रीवर बंधन आलं. तरी जुन्या लष्करी रायफलींचा बाजार तिकडे आजही आहे. मोबाइलवर आपण जी चित्रं पाहतो ती तिकडची. ती पाहून इकडे कुणी "आणून देतो" म्हणाला की माणूस फसतो.

आपल्याकडे हा मार्ग कायद्यानंच बंद आहे. १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे नियम हत्यारांचे दोन मुख्य वर्ग करतात : निषिद्ध आणि अनिषिद्ध. ज्या रायफलीत फौजेचं .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरचं काडतूस बसून उडू शकतं ती निषिद्ध वर्गात जाते. पोलिसांकडे असणारी .४१० ची मस्केटसुद्धा त्याच वर्गातली. इथे नीट लक्ष द्या. रायफल जुनी आहे की नवी, गंजली आहे की चकचकीत, याला महत्त्व नाही. सरकारी काडतूस तिच्यात चालतं का, हा खरा प्रश्न. हे धोरण इंग्रजांच्या काळापासूनचं. हेतू उघड आहे : सरकारी कोठारातून चोरलेली काडतुसं बाहेर कुणाच्या कामाला येऊ नयेत.

आणि शिक्षा? २०१९ च्या दुरुस्तीनंतर निषिद्ध हत्यार बेकायदा बाळगलं तर कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त चौदा वर्षं कैद. वर दंड. आता सांगा, ही रायफल स्वस्त पडली की महाग? दोन एकर हरभरा वाचवायला निघालेला माणूस सात वर्षं शेताबाहेर राहणार!

मग रायफल हवीच असेल तर काय मिळतं? परवानाधारकाला घेता येते ती .३१५ बोअरची रायफल. बोल्टची रचना ली-एनफिल्डच्याच घराण्यातली, पण काडतूस निराळं. गंमत अशी, की हे काडतूस मुळात ऑस्ट्रियाच्या फौजेचं. आपल्या फौजेचं नव्हे, म्हणून ते चाललं! ईशापूरच्याच सरकारी कारखान्यात ही रायफल होते. २०२१ पासून तो कारखाना एका सरकारी कंपनीकडे आहे. कुणा परवानाधारकाकडून ती जुनी घ्यायची, तर विक्री नियमाप्रमाणं आणि परवान्यावर नोंद करूनच करावी लागते. घेताना चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, नळीवरचा क्रमांक आणि परवान्यावरचा क्रमांक एकच आहे ना. दुसरी, बोल्ट त्याच रायफलीचा आहे ना. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट बसवला तर काडतुसामागची जागा कमीजास्त होते आणि टोपी फुटून तोंडावर येऊ शकते. तिसरी, बोल्ट काढून नळीतून उजेडाकडे पाहावं. आतल्या पिळाच्या कडा स्पष्ट दिसाव्यात, खड्डे नसावेत. चौथी, लाकडी दस्त्याला बोल्टजवळ चीर नसावी. हे सगळं परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्यावं, आपल्या डोळ्यांवर विसंबू नये.

पण मंडळी, पिकाच्या राखणीला रायफल हे हत्यारच चुकीचं आहे. तिची गोळी दोन किलोमीटरच्या पलीकडे जाऊन माणूस मारू शकते. आपला मुलूख मोकळा, सपाट. पलीकडच्या आखाड्यावर कुणी निजलेलं असतं, कुणी मोटारीवर पाणी धरत असतं. अंधारात सुटलेली गोळी डुकराला लागली नाही तर कुठं जाईल, कुणी सांगावं? कायद्यालाही हे ठाऊक आहे. पीकसंरक्षणासाठी त्यात ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे, आणि तिनं भागत नसेल तर साध्या नळीच्या छऱ्याच्या बंदुकीची. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा, पोलिसांचा अहवाल येतो; परवाना मिळाला तर तो पाच वर्षांचा असतो आणि मग नूतनीकरण.

बंदूक मिळाली म्हणजे शिकारीची मुभा मिळाली, असंही नाही. रानडुक्कर आणि रोही हे दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. उभ्या पिकाला धोका असेल तर वनखात्याच्या लेखी परवानगीनंच त्यांना मारता येतं. म्हणून नुकसान झालं की आधी वनखात्याकडे अर्ज द्यावा, पंचनामा करून घ्यावा, भरपाई मागावी. कुंपण, उजेड, आवाज आणि चार शेजाऱ्यांनी पाळीपाळीनं केलेली राखण, हे उपाय कंटाळवाणे खरे, पण त्यात कुणाचा जीव जात नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक सांगतो. मुलांना नेमबाजीची ओढ असते आणि ती वाईट नाही. एन.सी.सी.त .२२ ची रायफल शिकायला मिळते. .१७७ ची कमी ताकदीची हवेची रायफल परवान्याशिवाय चालते, पण तीही जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच द्यावी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवलं. तेही खेड्यातलेच. नेम धरायचा तर असा.

आता जुन्या वाड्यातल्या हत्याराबद्दल. सापडलं तर हात लावू नका. आत काडतूस असू शकतं, आणि गंजलेला घोडा केव्हा सुटेल याचा भरवसा नाही. पोरांना दूर करा, सरपंच किंवा पोलीस पाटलांना बोलवा आणि पोलीस ठाण्याला कळवा. आजोबांच्या नावचं परवान्याचं हत्यार घरात असेल आणि ते वारले असतील, तर वारसानं ते ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करून पावती घ्यावी आणि मग स्वतःच्या नावानं अर्ज करावा. लपवून ठेवलं तर उद्या तेच अंगाशी येतं.

ते उदगीरकडचे गृहस्थ सगळं ऐकून बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सर, रायफलीचे पैसे बाजूला काढले होते. तारेच्या कुंपणाला घालतो." यंदा त्यांचा निरोप आला. डुकरं अजून येतात, पण वावराच्या कडेवरूनच परत फिरतात. आणि त्यांची झोप, म्हणाले, आता घरच्या खाटेवर होते.