फायनल किती जणांनी पाहिली?

१८ डिसेंबर २०२२, रविवार. रात्री सव्वादहाचा सुमार. कोल्हापुरातल्या एका पेठेच्या चौकात पांढरा पडदा ताणलेला, प्रोजेक्टरला कुणाचा तरी फोन जोडलेला, आणि समोर सतरंजीवर, कट्ट्यावर, लावलेल्या गाड्यांच्या सीटवर मिळून अडीच-तीनशे माणसं. फुटबॉल विश्वचषकाची फायनल, अर्जेंटिना २-० ने पुढे. हलगी शेकून तयार. एवढ्यात मागच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरून आरोळी आली. आमच्या पडद्यावर फ्रान्सचा एम्बापे अजून पेनल्टीसाठी चेंडू ठेवत होता.

आरोळी ठोकणारी मंडळी ब्राझीलवाली. त्यांचा संघ क्रोएशियाकडून हरून घरी गेला तेव्हापासून त्यांनी अर्जेंटिनासमोर येईल त्याला दत्तक घ्यायचं ठरवलं होतं. त्यांच्या घरी डिश होती, आमच्याकडे इंटरनेट. इंटरनेटवरून येणारं चित्र काही-काही सेकंदांचे तुकडे करून पाठवलं जातं, ते तुकडे फोनमध्ये थोडे साठले की मग दिसू लागतं. म्हणून डिशवाल्याचा गोल आधी होतो आणि तुमचा मागून. पेनल्टी बसली हे आम्हाला कानांनी कळलं, डोळ्यांनी नंतर. ९७ सेकंदांत एम्बापेने दुसराही मारला, आणि हलगी थंड पडली.

पुढे फिफाने सांगितलं, ही फायनल जगभरात जवळपास १५० कोटी लोकांनी पाहिली. तेव्हापासून एक किडा डोक्यात आहे. त्या १५० कोटींत आमचा चौक होता का?

उत्तर शोधायला आधी मोजणारे कोण ते पाहावं लागतं. आपल्याकडे हे काम बार्क ही संस्था करते. २०२० च्या तिच्या अंदाजानुसार देशात टीव्ही असलेली घरं होती २१ कोटी. मीटर बसवलेली घरं पन्नास हजारांच्या थोडी वर. म्हणजे मीटरचं एक घर साधारण चार हजार घरांच्या वतीने टीव्ही बघतं. वाहिनीच्या आवाजात माणसाच्या कानाला न कळणारी खूण मिसळलेली असते. मीटर ती ओळखतं आणि कोणती वाहिनी चालू आहे ते नोंदवतं. समोर कोण बसलंय हे मात्र त्याला कळत नाही. त्यासाठी घरातल्या प्रत्येकाला एकेक बटण दिलेलं असतं. बसताना दाबायचं, उठताना पुन्हा दाबायचं. फायनलच्या शेवटच्या पाच मिनिटांत हे बटण कोण आठवणीने दाबत असेल, हा माझा आगाऊ प्रश्न.

खरी गंमत पुढे आहे. ‘पाहिलं’ म्हणजे किती पाहिलं?

एक घर घ्या. काकांनी पहिल्या शिट्टीपासून मेस्सीने चषक उचलेपर्यंत, समजा १५० मिनिटं, जागा सोडली नाही. काकू स्वयंपाकघर आवरून शूटआउटच्या आधी आल्या, २९ मिनिटं बसल्या. धाकटी चार्जर शोधायला आली, मिनिटभर उभी राहिली, ‘हा मेस्सी कुठला?’ विचारून गेली. आता मोजा. किमान एक मिनिट पाहणारा तो प्रेक्षक, असं धरलं तर या घरात प्रेक्षक ३. दर मिनिटाला सरासरी किती जण समोर होते असं विचारलं, तर १८० भागिले १५०, म्हणजे १.२. दोन्ही आकडे खरे. मथळ्यात कुठला जाणार हे सांगायला नको.

२०१० च्या दक्षिण आफ्रिकेतल्या स्पर्धेच्या अहवालात फिफाने हे तीन मापांनी छापलं होतं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. स्पेन-नेदरलँड्स फायनल घरी बसून किमान एक मिनिट पाहणारे ९०.९६ कोटी. सलग वीस मिनिटं पाहणारे ६१.९७ कोटी. आणि पूर्ण सामन्याची सरासरी ५३.०९ कोटी. पहिल्या दोन आकड्यांच्या मधली २९ कोटी माणसं ही सगळी आमच्या धाकटीच्या जातीची.

त्याआधीचा काळ याहून उदार होता. २००६ च्या स्पर्धेसाठी एकूण प्रेक्षकसंख्या दिली गेली २,६२९ कोटी. तेव्हा पृथ्वीवर माणसं होती साडेसहाशे कोटींच्या आसपास. एकाने वीस सामने पाहिले तर तो वीस वेळा मोजायचा, असा तो हिशेब. त्या वर्षीच्या इटली-फ्रान्स फायनलला फिफाच्या मते ७१.५ कोटी प्रेक्षक होते. इनिशिएटिव्ह या माध्यमक्षेत्रातल्या कंपनीने प्रत्यक्ष मोजणी होते तेवढ्याच देशांचे आकडे जमवले, तेव्हा बेरीज निघाली २६ कोटी. २६ कोटी म्हणजे काही थोडीथोडकी माणसं नव्हेत. पण जाहिरातीच्या बाजारात ‘कोटी’पेक्षा ‘अब्ज’ला भाव.

आणि हा भाव खेळाला चांगलाच हलवतो. १९७० साली मेक्सिकोतून विश्वचषक पहिल्यांदा रंगीत दिसला, पण घरोघरी संच बहुतेक कृष्णधवलच. म्हणून आदिदासने चेंडू केला १२ काळ्या पंचकोनांचा आणि २० पांढऱ्या षट्कोनांचा, टीव्हीवर उठून दिसावा म्हणून. नावही ठेवलं टेलस्टार. आजही मुलाला फुटबॉल काढायला सांगितला तर तो हाच काढतो. त्याच मेक्सिकोत १९७० ला आणि पुन्हा १९८६ ला खेळाडू भर दुपारी, उंचावरच्या विरळ हवेत धावले. कारण तेव्हा युरोपात संध्याकाळ असते. मॅराडोनाने तक्रार केली, वेळा बदलल्या नाहीत. १९८६ चं ते तळपतं ऊन आपल्याकडे मात्र दूरदर्शनवर मध्यरात्री पोचायचं, आणि आपल्या कितीतरी घरांत ‘फुटबॉलचा वर्ल्डकप’ ही चीज शिरली ती याच जागरणांतून.

भारतीय प्रेक्षक या वेळापत्रकाच्या हिशेबात क्वचितच असतो. २००२ ला जपान-कोरियामुळे फायनल रविवारी दुपारी साडेचारला मिळाली, ती लॉटरी. २०१४ ची रात्री साडेबाराला. वाहिन्यांचं दुखणं वेगळंच. क्रिकेटमध्ये षटक संपलं की जाहिरात, विकेट पडली की जाहिरात. फुटबॉलमध्ये ४५ मिनिटं घड्याळ थांबतच नाही, साबण विकायचा कधी? २०२६ च्या स्पर्धेसाठी फिफाने प्रत्येक सत्राच्या मध्ये तीन मिनिटांची पाणी पिण्याची सुट्टी ठेवली, हवामान कसंही असो. खेळाडूंच्या तब्येतीसाठी, असं म्हणतात. असेलही.

मोबाइल आल्यावर मोजणी अचूक होईल असं वाटलं होतं. होतेही. कोणत्या फोनने किती मिनिटं चित्र ओढलं याची नोंद सेकंदागणिक राहते. पण यंत्र मोजतं यंत्राला. आमच्या चौकातला प्रोजेक्टर ज्या फोनवर चालला होता, तो नोंदीत एक. समोरचे तीनशे त्यात कुठेच नाहीत. घरातलं मीटर चौकात येत नाही आणि फोनला पुढे बसलेली माणसं दिसत नाहीत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींच्या नावाने शाहू स्टेडियमवर संघ उतरवणारं हे गाव. सामना एकट्याने बघायचा असतो ही कल्पनाच इथे कुणाला पटत नाही. गोव्यात पोर्तुगालचा सामना असला की बारमधल्या गर्दीचीही हीच गत. जिथे सर्वांत तल्लीन होऊन बघतात, तिथेच मोजपट्टी पोचत नाही.

मोजण्याची मला सगळ्यांत आवडलेली तऱ्हा इंग्लंडमधली आहे, आणि तिचा टीव्हीशी थेट संबंधच नाही. ४ जुलै १९९०. उपांत्य सामन्यात इंग्लंड पश्चिम जर्मनीकडून पेनल्टी शूटआउटमध्ये हरलं. सामना संपताच ब्रिटनमधली विजेची मागणी एकदम २,८०० मेगावॉटनी उसळली. आपल्या कोयनेच्या जलविद्युत प्रकल्पाची सगळी क्षमता १,९६० मेगावॉटच्या आसपास आहे, यावरून अंदाज करा. कारण काय, तर दुःखी जनता एकाच वेळी उठली आणि तिने चहाची विजेची किटली लावली. तिथले वीज अधिकारी अशा सामन्यांना स्वतः टीव्ही लावून बसतात, शिट्टी कधी वाजते ते बघायला. वेल्समध्ये डोंगराच्या पोटात डिनॉर्विग नावाचं जलविद्युत केंद्र आहे, ते अशा वेळी काही सेकंदांत वीज देतं. त्या २,८०० मेगावॉटमध्ये बटण दाबायला विसरलेला माणूसही आला आणि पबमधून घरी परतलेलाही.

हे वाचल्यावर मी आमच्या चौकातल्या चहावाल्याकडे गेलो. म्हटलं, ‘मामा, फायनलला माणसं किती होती हो?’

‘माणसं कुठं मोजत बसू,’ तो म्हणाला. ‘दूध मात्र हाफटाइमलाच संपलं. एम्बापेनं मारला तवा सगळ्यांच्या हातात कोराच चहा होता.’